न्हाणीच्या पाण्यावरची परसबाग

परसबागेचा विषय शाळेत निघाला, की पहिली अडचण बहुधा जागेची सांगितली जाते आणि दुसरी पाण्याची. जालना जिल्ह्यापुरता विचार केल्यास हा क्रम उलटा लावणे योग्य होईल. खेड्यातील पुष्कळ घरांमागे चार वाफे बसतील एवढी मोकळी जमीन असते. शाळेच्या आवारातही ती निघते. पाणी मात्र मार्गशीर्ष सरला की मोजून वापरावे लागते. जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि एखाद्या वर्षी तोही हुलकावणी देतो. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हे पालकांच्या चांगले स्मरणात आहे. ज्या गावी प्यायचे पाणी टँकरने येते, तेथे भाजीच्या वाफ्याला पाणी घाला असे सांगणारा शिक्षक हास्यास्पद ठरेल.

म्हणून या लेखात परसबागेचा आरंभ बियाण्यापासून किंवा कुदळीपासून न करता न्हाणीपासून केला आहे. घरात येणारे पाणी कितीही थोडे असो, त्यातील मोठा भाग एकदा वापरून बाहेर पडतोच. आज तो गल्लीत वाहतो, चिखल करतो आणि डास वाढवितो. तोच भाजीपाल्याकडे वळविता आला, तर नव्या पाण्याचा एक हंडाही न आणता एका कुटुंबाला पुरेल एवढी बाग वर्षातील बराच काळ हिरवी राहू शकते. हे विधान हिशोबाने तपासून पाहता येते, आणि तो हिशोब इयत्ता चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगा आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हा एकच संबंध विद्यार्थ्यांच्या मनावर पक्का बिंबवावा. त्यातून पुढचे सारे गणित सुटते. थंडीच्या दिवसांत भाजीपाल्याच्या वाफ्याला दररोज सुमारे चार मिलिमीटर पाणी लागते असे धरावे, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात सुमारे आठ. दहा चौरस मीटरच्या बागेस हिवाळ्यात रोज चाळीस लिटर व भर उन्हाळ्यात ऐंशी लिटर पाणी हवे. आता दुसरी बाजू पाहू. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाच्या स्नानाला पंधरा लिटरची एक बादली धरली, तर पंच्याहत्तर लिटर पाणी रोज न्हाणीतून बाहेर पडते. म्हणजे हिवाळ्यात ते पुरून उरते आणि उन्हाळ्यात थोडे कमी पडते. वाफ्यावर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा गव्हाचा भुसा यांचा दोन-तीन बोटे जाड थर पसरला, तर जमिनीतून उडून जाणारे पाणी वाचते व ती तूटही बरीचशी भरून निघते.

याच संबंधावर पावसाचे गणितही घालता येते. पंचवीस चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला, तर पन्हाळीतून किती पाणी खाली येईल? पाचशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची अडीच पिंपे. थोडे पाणी पत्रा भिजण्यात व उडण्यात जाते, पण मुलांना ही संख्या प्रथम खरी वाटत नाही, आणि ती खरी वाटावी यासाठी एकदा पन्हाळीखाली पिंप ठेवून पाहण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

मात्र सर्व सांडपाणी सारखे नसते. स्नानाच्या पाण्यात साबणाचा अंश थोडा असतो व तो झाडांना सहसा बाधत नाही. कपडे धुण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यातील सोडा काळ्या जमिनीचा वैरी आहे. सोड्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून सुटे होतात, मातीतील छिद्रे बुजतात, पाणी वर साचून राहते आणि वाळल्यावर तीच जमीन दगडासारखी घट्ट होते. हे वर्गात सहज दाखविता येते. काचेच्या दोन पेल्यांत सारखीच काळी माती घ्यावी. एकात विहिरीचे साधे पाणी व दुसऱ्यात धुण्याचा सोडा विरघळविलेले पाणी ओतून दोन्ही ढवळून ठेवावेत. साध्या पाण्यातील माती आधी तळाशी बसते. सोड्याचे पाणी बराच वेळ गढूळच राहते. हा प्रयोग पाहिलेले मूल घरी जाऊन धुण्याचे पाणी वाफ्यात सोडू देणार नाही. भांडी घासलेले पाणी राखेचे असेल तर बेताने चालते. तेलकट व साबणाचे असेल तर ते टाळावे.

न्हाणीचे पाणी वापरताना आणखी दोन पथ्ये आहेत. ते त्याच दिवशी वापरावे, खड्ड्यात साठवू नये; साठविले की कुजते व त्यावर डास होतात. तसेच कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या अंगावर ते पडू देऊ नये. न्हाणीच्या मोरीपासून उतार काढून पाणी प्रथम वाळू-खडी भरलेल्या हातभर चरातून न्यावे व तेथून ते झाडांच्या मुळाशी सोडावे.

आपल्या जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळ लावण्याची रीत होती, ती याच कारणाने. कर्दळ खाण्याची नसली तरी तिची मुळे मोरीचे पाणी शोषून घेतात व दलदल होऊ देत नाहीत. अळूला पाय ओले हवेच असतात. या रीतीला कोणी शास्त्र म्हटले नाही एवढेच. तिच्याच पुढे पाऊल टाकायचे, तर मोरीपासून दूर जाताना झाडांचा क्रम असा लावता येतो: अगदी जवळ अळू व केळ, त्यापलीकडे पपई व कढीपत्ता, मग मांडवावर चढणारा दोडका, दुधी किंवा कारले, त्यानंतर वांगी, मिरची, भेंडी आणि गवार, आणि सर्वांत दूर, जेथे स्वच्छ पाण्याची झारीच फिरेल अशा लहानशा वाफ्यात, पालेभाज्या. शेवगा या क्रमात कोठेही बसतो. त्याला पाणी थोडे लागते, तो मांडवाला आधार देतो आणि शेंगा येण्याच्या कितीतरी आधी पाला देतो. शेवग्याच्या पाल्यात लोह, चुना व अ जीवनसत्त्व देणारी द्रव्ये भरपूर असतात. तरीही शेंग बाजारात विकली जाते म्हणून तिला मान आहे आणि पाल्याला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

जमिनीविषयी थोडेच सांगणे पुरे. या भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे, म्हणजे वीतभर उंच केलेले वाफे, करावेत. मुळांशी पाणी साचत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट, वाफे चार बोटे खोल ठेवावेत. दिलेले पाणी बाहेर जात नाही. कुजलेले शेणखत दर चौरस मीटरला दोन-तीन पाट्या मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याने वाळवी व हुमणी येते.

नवीन जालन्यासारख्या दाट वस्तीत परस ही वस्तूच दुर्मीळ झाली आहे. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना; दोहोंकडे घरे एकमेकांस चिकटून आहेत. अनेक शिक्षक अशा वस्तीत राहतात व रोज खेड्यातील शाळेत जातात, तेव्हा हा भाग त्यांच्या स्वतःच्या घरालाही लागू पडेल. घरात भाजी लावताना पाण्यापेक्षा उजेडाचा प्रश्न मोठा असतो. फळभाजीला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागते. ते खिडकीत मिळत नाही, म्हणून खिडकीत टोमॅटो व वांगी लावण्याच्या भरीस पडू नये. पाल्याला मात्र तीन-चार तासांचे ऊन पुरते. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी असावी आणि भांडे तिच्या अगदी लगत ठेवावे. दोन हात आत सरकविले तरी रोपे फिकी व लांबट होतात.

मेथी हे घरातील पहिले पीक होय. वीतभर रुंद व चार बोटे खोल असे कोणतेही भांडे घ्यावे. तळाला छिद्रे पाडून त्यात निम्मी जाड वाळू व निम्मे कुजलेले खत भरावे. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून दाट पेरावेत. तीन-चार दिवसांत अंकुर वर येतात व पंधरा-वीस दिवसांत कापणी होते. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढविलेली अशी कोवळी मेथी समुद्रमेथी या नावाने लहान जुड्या बांधून विकली जाते. तिला समुद्र लागत नाही, वाळू लागते. धने पेरताना ते हलके रगडून दोन फाका कराव्यात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात आणि अधीर माणूस तोवर माती उकरून पाहतो; विद्यार्थी तर हमखास पाहतात. लसणाच्या पाकळ्या व मोड आलेले कांदे मातीत खोचले, की पात मिळते. पुदिन्याची बाजारातून आणलेली काडी पाण्यात ठेवली असता आठवड्यात मुळे सुटतात व ती कुंडीत लावता येते.

ज्या घरात खिडकीलाही ऊन नाही, तेथे मूग व मटकी आहे. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ओल्या फडक्यात बांधले, की एका दिवसात मोड येतात. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते. मोड येताना ते तयार होते. मुलांना मोड कच्चे न देता वाफवून द्यावेत.

गच्चीवर डबे ठेवणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यात ओली माती भरली, तर तो पंचवीस किलोच्या घरात जातो. सिमेंटच्या गच्चीवर असे डबे भिंतीच्या रेषेवर ठेवावेत, मधोमध नव्हे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरावर ते मुळीच ठेवू नयेत. माळवदात झिरपलेले पाणी खालचे लाकूड कुजविते, आणि चार वांग्यांसाठी छत गमावण्यात शहाणपण नाही.

आता बियाण्याकडे वळू. या विषयावर जालन्याच्या शिक्षकांना इतर कोणत्याही जिल्ह्याहून अधिक सांगता यावे, अशी येथील परिस्थिती आहे. बियाण्याच्या धंद्याने या शहराचे नाव देशभर गेले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, येथे स्थापन केली. या कार्याबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या बियाण्याच्या कामाचा आरंभ कापसापासून किंवा ज्वारीपासून झाला नव्हता; तो भेंडीपासून झाला होता. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने पुसा सावनी नावाचा भेंडीचा वाण काढला होता. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुरटते, तो केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पुसा सावनी या रोगाला त्या काळी चांगली दाद देत नसे. पुढे तिची ती शक्ती ओसरली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात परभणी क्रांती हा वाण दिला. लागवडीतील भेंडी व तिचे एक रानटी नातलग यांचा संकर करून, पुढे पिढ्यान् पिढ्या निवड करून तो स्थिर केलेला आहे.

या शेवटच्या वाक्यातील ‘स्थिर’ हा शब्द शिक्षकांनी नीट समजावून सांगावा, कारण परसबागेचे पुढचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. स्थिर अशा सुधारित वाणाचे बी घरी धरून पुढील वर्षी पेरले, तर झाड बहुतांशी आईबापासारखेच येते. पहिल्या पिढीच्या संकरित बियाण्याचे तसे नाही. दोन निराळ्या वाणांचा संकर करून ते एका हंगामापुरते तयार केलेले असते. त्याचे पीक जोमदार व एकसारखे येते. पण त्या पिकातून धरलेले बी पेरले असता झाडे नाना प्रकारची निघतात, एक उंच, एक ठेंगू, एकाचे फळ लांब, दुसऱ्याचे आखूड. ही फसवणूक नव्हे, हा आनुवंशिकतेचा नियम आहे. शेतकऱ्याला संकरित बी परवडत असेल तर त्याने ते जरूर घ्यावे. परंतु शाळेच्या व घराच्या बागेत, जेथे दरवर्षी पाकीट विकत आणायला पैसे नसतात, तेथे स्थिर वाणच हवा.

हा धडा शिकविण्यास पुस्तकातील चित्राची गरज नाही. जाफराबाद व भोकरदन या बाजूस आणि शेजारच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा परिसरात जाळीच्या मांडवाखाली मिरची, टोमॅटो इत्यादींचे बीजोत्पादन चालते. तेथे संध्याकाळी उमलण्याच्या बेतात असलेल्या कळीतील पुंकेसर चिमट्याने काढतात व दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तीवर लावतात. हे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात आणि गावात त्याला सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. वर्गातील कित्येक विद्यार्थ्यांच्या आया या कामावर जातात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर ही नावे मुलाला पाठ होत नाहीत, पण आई रोज काय करते हे त्याला ठाऊक असते. अशा एखाद्या मातेला शाळेत बोलावून तिच्याकडून भेंडीच्या फुलावर हे काम करवून दाखविले, तर तो तास विद्यार्थी विसरणार नाहीत. तिचाही मान वाढेल, हा लाभ लहान नाही.

बियाण्याच्या गावात राहण्याचा एक धोकाही आहे, आणि त्याबाबत शिक्षकांनी विशेष दक्ष राहावे. दुकानातील पाकिटातील बी पुष्कळदा गुलाबी, लाल किंवा निळ्या रंगाचे असते. तो रंग शोभेसाठी नसून विषारी औषध चोळल्याची खूण आहे. असे बी मुलांच्या उघड्या हातांनी पेरू देऊ नये, पेरल्यावर हात साबणाने धुवावेत, उरलेले बी कोणत्याही कारणाने खाण्यात, कोंबड्यांपुढे किंवा मोड आणण्यासाठी जाऊ देऊ नये. मोडांसाठी व घरातील मेथीसाठी स्वयंपाकघरातील डब्यातलेच दाणे घ्यावेत. रिकामे पाकीटही मुलांच्या खेळात राहू नये.

कीड पडली म्हणजे लगेच फवारणीचे औषध आणण्याचा मोह होतो. शाळेच्या बागेत त्याला पूर्ण बंदी असावी. वाळलेल्या निंबोळ्यांची भरड पन्नास ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, किंचित साबण मिसळून फवारल्यास मावा व तुडतुडे आटोक्यात राहतात. ज्येष्ठ-आषाढात निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्याच वेळी मुलांकडून त्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्यात. केवडा झालेले भेंडीचे झाड मात्र औषधाने बरे होत नाही. ते उपटून जाळणे हाच उपाय.

तण काढण्याविषयी एक सूचना. वाफ्यात आपोआप उगवलेले सर्वच तण नव्हे. तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी या भाज्या येथील आजीबाईंना नावानिशी ठाऊक आहेत. मुलांना खुरपे देण्यापूर्वी गावातील एखाद्या जाणत्या बाईकडून या वनस्पती ओळखून घ्याव्यात. ज्यांची ओळख निश्चित नाही, अशा पाल्याला हात लावू नये. पेरलेली पालक खुरटली आणि न पेरलेली घोळ फोफावली, असे उन्हाळ्यात हमखास घडते. अशा वेळी घोळीची भाजी करावी.

शाळेतील भोजनाशी या बागेचा संबंध कितपत आहे, याविषयी अतिशयोक्ती पुष्कळ ऐकू येते. केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम भाजीपाला ठरविलेला आहे. साठ विद्यार्थ्यांच्या प्राथमिक शाळेस म्हणजे रोज तीन किलो भाजी लागते. शाळेची बाग वीस चौरस मीटरची असली आणि एका हंगामात चौरस मीटरला दीड किलो भाजी निघाली, तर एकूण तीस किलो होते. दहा दिवसांचा पुरवठा. सबंध वर्षाचा भार ही बाग उचलू शकत नाही, आणि तसा आव आणणाऱ्या अहवालांवर विश्वास ठेवू नये. बागेचे काम वेगळे आहे. आमटीत रोज मूठभर शेवग्याचा पाला, कढीपत्ता, कोथिंबीर व वर पिळायला लिंबू, एवढे तिने दिले तरी ते मोलाचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे पहिलीत येऊन बसतात. पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. पालकातील ऑक्झलेटसारखी द्रव्ये त्यास अडथळा करतात. लिंबातील क जीवनसत्त्वाने ते शोषण वाढते. म्हणून लिंबाचे एक झाड शाळेच्या आवारात असावेच. रक्तक्षय केवळ पाल्याने जात नाही. लोहाच्या गोळ्या व जंताचे औषध यांची जागा बाग घेऊ शकत नाही, हेही पालकांस स्पष्ट सांगावे.

हात धुण्याचे पाणी शाळेला न मागता मिळते. साठ मुलांनी जेवणाआधी अर्धा-अर्धा लिटर पाणी वापरले तरी तीस लिटर होते. हात धुण्याची जागा बागेच्या वरच्या अंगाला असावी, एवढाच त्याला उपाय. पुष्कळ शाळांतून ती नेमकी उताराच्या खालच्या टोकाला बांधलेली आढळते.

शाळेची बाग मरते ती बहुधा मे महिन्यात. पाहुण्यांच्या भेटीसाठी जानेवारीत फुलविलेले वाफे उन्हाळ्याच्या सुटीत वाळून जातात आणि जूनमध्ये विद्यार्थ्यांना काटक्या दिसतात. हे दरवर्षी घडत असेल, तर मुले त्यातून एकच गोष्ट शिकतात, की सरकारी बाग अशीच असते. त्यापेक्षा वर्ष दोन हंगामांचे मानावे. शाळा उघडताच पहिल्या चांगल्या पावसावर भेंडी, गवार, चवळी, अंबाडी व वेल पेरावेत. भेंडी दीड महिन्यात तोडणीस येते व मग एक दिवसाआड काढावी लागते. ती न काढल्यास जून होते आणि झाड नवे फळ धरीत नाही. दुसरी पेरणी दिवाळीच्या सुटीच्या बेताने मेथी, पालक, मुळा, शेपू, गाजर यांची करावी. फेब्रुवारीनंतर शाळेच्या वाफ्यात नवे काही पेरू नये. सुटीत जमिनीत राहतील ती फक्त शेवगा, लिंब, कढीपत्ता अशी झाडे. त्यांच्यासाठी जुने माठ वापरावेत. न रंगविलेला मातीचा माठ झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरला व वर झाकण ठेवले, की पाणी हळूहळू पाझरत राहते. तो तीन-चार दिवसांनी पुन्हा भरला तरी चालते. शाळेजवळ राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांना झाडे वाटून द्यावीत. साऱ्या वर्गावर मिळून सोपविलेले काम कोणाचेच नसते.

बी धरण्याचे काम दोन पेरण्यांच्या मध्ये येते. भेंडीची सर्वांत निरोगी दोन झाडे निवडून त्यांवर लाल दोरा बांधावा व त्यांची भेंडी तोडू नये. भेंडीचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरू शकते, पण मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणतात. म्हणून जवळपास दुसरी भेंडी असल्यास उमलण्यापूर्वीच्या संध्याकाळी कळीवर कागदाची लहान पिशवी बांधावी आणि फूल सुकल्यावर काढावी. फूल आल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फळ तपकिरी होऊन कडांना तडकते. ते पूर्ण तडकण्यापूर्वी काढून सावलीत वाळवावे, बी सोडवून घट्ट झाकणाच्या बाटलीत कोरड्या राखेत ठेवावे आणि बाटलीवर वाणाचे नाव, बी धरल्याची तारीख व ते धरणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लिहावे. जूनमध्ये पेरणीपूर्वी त्यातील वीस दाणे ओल्या फडक्यात आठवडाभर गुंडाळून किती उगवतात ते मोजावे. चौदा-पंधरा उगवले तर बी चांगले आहे. दहाच उगवले तर पेरताना ते दुप्पट घालावे.